क्लिनिकलचे तास, काकांची सही आणि मागायची लाज

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत): टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहणारी एक नर्स. सांगलीकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक (त्यावरची डिग्री), एनक्लेक्स ही अमेरिकेतल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा पास होऊन अमेरिकेत, आता हॉस्पिटलमध्ये आयसीयूला नाइट ड्युटी करते. नोकरी सांभाळून दुसऱ्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीचा ऑनलाइन फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (एफएनपी, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषधं लिहिणारी वरच्या पायरीची नर्स) कोर्स चालू आहे. थिअरी संपत आली, चांगले मार्क आहेत, पण क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या तासांसाठी, प्रीसेप्टर (आपल्या क्लिनिकमध्ये शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर) स्वतः शोधायचा असं शाळेचं म्हणणं. कितीतरी क्लिनिकना ईमेल केले, बहुतेकांचं उत्तरच नाही. पुढच्या सेमिस्टरला लहान मुलांचं रोटेशन (त्या विभागातले ठरलेले तास) आहे आणि जागा मिळाली नाही तर सेमिस्टर हुकणार. प्लेसमेंट लावून देणारी एक कंपनी काही हजार डॉलर मागतेय. ओळखीतले एक डॉक्टरकाका म्हणतात, आठवड्यातून एक दिवस येऊन जा, बाकीच्या तासांवर मी सही करतो. नवरा म्हणतो काय हरकत आहे. तिला वाटतं, "माझ्यातच काहीतरी कमी आहे, लोकांपुढे हात पसरायचा कंटाळा आलाय, कोर्स सोडून देऊ का?"

उत्तर

आधी काकांच्या सहीबद्दल बोलू. पत्रात तू ते शेवटी दोन ओळीत उरकलंयस, पण मला वाटतं झोप त्याच दोन ओळींनी उडालीय तुझी. तू मला ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय आणि सरळच सांगतेय, ती सही घेऊ नकोस.

तुझा नवरा वाईट सल्ला देतोय असं मला म्हणायचं नाही, त्याला तुझी दमछाक दिसतेय एवढंच. आणि आपल्याकडून नर्सिंग करून आलेल्या कितीतरी जणींना आठवत असेल, प्रोसिजर बुकवरच्या सह्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एकदम घेतल्या जायच्या आणि त्यात कुणाला फार काही गैर वाटायचं नाही, कारण काम तर आपण वॉर्डात खरंच केलेलं असायचं, फक्त लिहायचं राहिलेलं असायचं. इथे तसं नाहीये. इथे प्रत्येक पेशंटची नोंद तुला सॉफ्टवेअरमध्ये करायची असते, वय, निदान, तू काय तपासलंस, किती वेळ लागला. म्हणजे काका फक्त सही करणार आणि न पाहिलेले पेशंट रचून लिहिणार तू. उद्या फॅकल्टीने साइट व्हिजिट केली किंवा क्लिनिकला फोन करून विचारलं तर उत्तर तुला द्यायचंय, आणि पणाला लागणार ते तुझं आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स, ज्याच्यावर आज घर चाललंय. जानेवारी 2023 मधलं ऑपरेशन नाइटिंगेल तुला माहीत असेलच, फ्लोरिडातल्या तीन शाळांमधून 7,600 च्या वर खोटे नर्सिंग डिप्लोमे विकले गेल्याचं उघड झालं, 25 जणांवर खटले भरले गेले आणि त्यानंतर राज्याराज्यांच्या नर्सिंग बोर्डांनी नर्सेसची लायसन्स तपासायला घेतली. तुझं प्रकरण तेवढं मोठं नाही हे मला कळतं, पण खोट्या तासांकडे बोर्ड कुठल्या नजरेने बघतं ते त्यावरून समजून घे.

आणि लायसन्स बाजूला ठेव क्षणभर. टेक्सासमध्ये एनपीला (नर्स प्रॅक्टिशनरला) औषधं लिहायला डॉक्टरबरोबर करार लागतो हे खरं, पण तो डॉक्टर खोलीत तुझ्या शेजारी उभा नसतो. सहा आठवड्यांचं तापलेलं बाळ घेऊन एक आई येईल तेव्हा हे बाळ घरी पाठवायचं की इमर्जन्सीला, हे तुला ठरवायचंय. ते त्या तासांमध्येच शिकता येतं गं, दुसरीकडे कुठेच नाही.

काकांशी संबंध मात्र तोडू नकोस. त्यांना सांग, काका तुम्ही एवढं म्हणालात हेच खूप आहे, पण मला खरंच शिकायचंय, मला पूर्ण तास येऊ द्याल का? ते इंटर्निस्ट, म्हणजे मोठ्यांचे फिजिशियन आहेत असं तू लिहिलंयस, म्हणजे मुलांचं रोटेशन तिथे होणार नाही, पण मोठ्यांचं होऊ शकतं, आणि पूर्ण तास खरोखर केलेस तर त्याच ऑफरचं सोनं होईल. ते नाही म्हणाले तर तेही चालेल. फक्त शाळेला ओळखीच्या किंवा नात्यातल्या प्रीसेप्टरबद्दल काय नियम आहे ते आधी विचार, काही ठिकाणी नातेवाईक चालत नाहीत.

आता "माझ्यातच कमी आहे" याबद्दल. हे मला अजिबात पटत नाही. मी स्वतः क्लिनिकमध्ये विद्यार्थी घेते, आणि आमच्या इनबॉक्सचं काय होतं ते मला माहितीये. एकाच क्लिनिकला मेडिकल कॉलेज विचारतं, पीएची (फिजिशियन असिस्टंटची) शाळा विचारते, जवळच्या दोन युनिव्हर्सिटी विचारतात, वर देशभरातल्या ऑनलाइन कोर्सची मुलं विचारतात. पेशंटला पंधरा-वीस मिनिटं मिळतात, विद्यार्थी सोबत असला की पहिले दोन आठवडे सगळं उशिरा चालतं आणि किती पेशंट बघितले याचा हिशोब वरून कुणीतरी ठेवतच असतं. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) ते सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे 1965 पासून पैसे देत आलंय. त्याच 1965 साली कोलोराडो युनिव्हर्सिटीत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी पहिला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स सुरू केला (तोही मुलांचाच होता बरं का, तुझं अडलेलं रोटेशन) पण एनपीच्या ट्रेनिंगला तसा कायमचा पैसा कधी आलाच नाही. 2012 ते 2018 एक सरकारी प्रयोग झाला, 20 कोटी डॉलरपर्यंतची तरतूद, पाच हॉस्पिटलं, त्यातलं एक ह्यूस्टनचं, तिथे एनपी विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल ट्रेनिंगचा खर्च मेडिकेअरने दिला. मग तो संपला. वर 2022 मध्ये एनपी शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या राष्ट्रीय टास्क फोर्सने किमान तास 500 वरून 750 केले, तेही सगळे प्रत्यक्ष पेशंटसोबतचे, सिम्युलेशन लॅब धरायची नाही. तास वाढवले ते बरोबरच केलं असं माझं मत आहे, पण शिकवणारी माणसं तेवढीच राहिली. तुझ्या ईमेलला उत्तर येत नाही त्याच्या मागे हे सगळं आहे.

आपल्याकडे नर्सिंग कॉलेजला स्वतःचं नाहीतर जोडलेलं हॉस्पिटल लागतंच. बोर्डावर पोस्टिंग लागायची, आपण त्या वॉर्डात जाऊन उभं राहायचं, सिस्टर ओरडायच्या पण जागा कुणाकडे मागावी लागली नाही कधी. त्यामुळे इथे जागा मागायची वेळ आली की ती भीक वाटते. आणि ओळखीतून मागितलं की वशिला वाटतो. मला विचारशील तर वशिला म्हणजे दुसऱ्याचा हक्क मारून किंवा काम न करता काहीतरी पदरात पाडून घेणं. ओळखीच्या डॉक्टरला "मला तुमच्याकडे शिकू द्या, सगळे तास करीन, अभ्यास करून येईन" असं विचारण्यात काय वशिला आहे? इथली अमेरिकन मुलं मावशीच्या शेजारणीच्या डेंटिस्टलासुद्धा विचारतात आणि त्यांना काही वाटत नाही. प्लेनो, फ्रिस्को, आयर्विंगकडे एवढी आपली माणसं आहेत, आईवडील सहा सहा महिने येऊन राहतात, मराठी-हिंदी बोलणारी, डायबेटिसचं पथ्य भाकरी-भाताच्या भाषेत सांगणारी नर्स क्लिनिकला हवीच असते. तू काहीतरी घेऊन जातेयस तिथे, हे डोक्यात ठेवून विचार.

पत्रात अजून एक गोष्ट तू गृहीत धरलीयस, की शाळेने "स्वतः शोधा" म्हटलं म्हणजे विषय संपला. तसं नसतं. मान्यता देणाऱ्या संस्था, सीसीएनई म्हण किंवा एसीईएन, पुरेशा आणि योग्य क्लिनिकल जागा आहेत का हे शाळेलाच विचारतात, विद्यार्थ्याला नाही. म्हणून क्लिनिकल कोऑर्डिनेटरला आजच लेखी विचार, फोनवर नको: डॅलसच्या आसपास तुमचे ज्या ज्या क्लिनिकशी करार झालेले आहेत त्यांची यादी द्या, मागच्या दोन वर्षांत या भागातल्या विद्यार्थ्यांनी कुठे रोटेशन केलं ते सांगा, आणि मी प्रयत्न करूनही जागा मिळाली नाही तर तुमची काय मदत आणि काय पॉलिसी आहे. तू कुणाकुणाला कधी विचारलंस त्याची तारखांसकट एक साधी शीट जोड. करार आधीच झालेला असेल तर अर्धं काम झालं, कारण नवीन करार दोन्हीकडच्या वकिलांकडून फिरून यायला कधी तीन आठवडे कधी तीन महिने लागतात आणि बऱ्याच जणी होकार मिळूनही तिथेच अडकतात. कोऑर्डिनेटरकडून गोल गोल उत्तर आलं तर प्रोग्रॅम डायरेक्टर, मग डीन. भांडायचं नाही, पण कागदावर ठेवायचं.

तुझ्या स्वतःच्या हॉस्पिटलमध्ये तू विचारलेलं नाहीस, कारण मॅनेजरला कळेल की ही सोडून जाणार. अगं, त्यांना माहीत असतं! आयसीयूतल्या निम्म्या मुली कसला ना कसला कोर्स करत असतात. आयसीयूचे तास एफएनपीला चालणार नाहीत, तुला प्रायमरी केअर लागतं, पण एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची बाहेर क्लिनिकं असतात आणि बहुतेक ठिकाणी स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आधी जागा देतात. एज्युकेशन डिपार्टमेंट किंवा स्टुडंट प्लेसमेंट ऑफिस असं काहीतरी असेल, तिथे जा. मोठ्या सिस्टिममध्ये एकेका डॉक्टरला ईमेल करून काही होत नाही, कारण त्याला हो म्हणायचा अधिकारच नसतो, सगळं त्या ऑफिसमधून जातं. तुझे बरेचसे ईमेल तिथेच विरले असणार असा माझा अंदाज आहे.

छोट्या प्रायव्हेट क्लिनिकचं उलट आहे. तिथे ऑफिस मॅनेजर सगळं ठरवते. सोमवार आणि शुक्रवार टाळ, मधल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी स्वतः जा, नीट कपडे, हातात एक पातळ फोल्डर. त्यात एका पानाचा रेझ्युमे, कुठलं रोटेशन, किती तास, कुठल्या तारखा, आठवड्यातले कुठले दिवस येऊ शकतेस, आरएन लायसन्स, बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचं सर्टिफिकेट), लसी आणि टायटरचे (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या रक्तचाचणीचे) रिपोर्ट, टीबी टेस्ट, विद्यार्थ्याचा लायबिलिटी इन्शुरन्स, शाळेच्या कोऑर्डिनेटरचा नंबर. बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्ट शाळा सांगेल तेव्हा, पण तयारी आहे हे लिही. माझ्याकडे असा फोल्डर घेऊन कुणी आलं की मला लगेच कळतं की हिला मागे लागून कागद मागावे लागणार नाहीत, आणि खरं सांगते होकाराचं ते मोठं कारण असतं. बोलताना "मला 180 तास हवेत" अशी सुरुवात करू नकोस. "मी इतकी वर्षं आयसीयूला आहे, हिस्ट्री घेणं, औषधांची यादी तपासणं पहिल्या दिवसापासून करू शकेन, लहान मुलांचं मला नवीन आहे आणि तेच शिकायचंय" असं म्हण.

दोन गोष्टी प्रीसेप्टरला सहसा ठाऊक नसतात, त्या तू अदबीने सांग. 2020 पासून मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे एनपी विद्यार्थ्याने लिहिलेली नोट प्रीसेप्टरने तपासून सही केली तरी चालते, पुन्हा सगळं लिहावं लागत नाही (तपासणी आणि निर्णय अर्थात त्यांचाच). मुलांच्या क्लिनिकमध्ये मेडिकेअर नसतंच म्हणा, पण काकांसारख्यांना याचा खूप फरक पडतो. आणि प्रीसेप्टर एनपी असेल, तिचं एएनसीसी या संस्थेचं सर्टिफिकेशन असेल तर रिन्यू करताना 120 तास शिकवलेले धरले जातात. जॉर्जिया, मेरीलँड, हवाईमध्ये शिकवणाऱ्याला टॅक्समध्ये सूटही मिळते, तिकडच्या वाचकांनी हे नक्की बोलून दाखवावं.

मुलांच्या रोटेशनसाठी पहिला प्रश्न तुझ्या मुलांच्या पीडियाट्रिशियनला. वर्षानुवर्षं तुला ओळखतात ते. मग फेडरल पैशावर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स, एचआरएसए या केंद्र सरकारच्या आरोग्य संस्थेच्या साइटवर पिनकोड टाकला की जवळची सगळी दिसतात, तिथे मुलांची गर्दी असते, स्पॅनिश थोडं येत असेल तर फारच उत्तम. काउंटीचं आरोग्य खातं, शाळांमधली क्लिनिकं. एएचईसी नावाचं जाळं 1971 च्या सुमारापासून देशभर आहे, विद्यार्थ्यांना गावाकडच्या भागात जागा मिळवून देणं हे त्यांचं कामच आहे, टेक्सासमध्येही आहे. गावाकडे गाडी चालवायची तयारी ठेवलीस तर दारं पटापट उघडतात, कारण डॅलसमध्ये जी रांग आहे ती दीड तास बाहेर गेलं की नसते. तुझं लायसन्स कॉम्पॅक्टचं, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं असेल तर ओक्लाहोमासुद्धा बघता येईल, फक्त शाळेला त्या राज्यात क्लिनिकल घ्यायची परवानगी आहे का हे शाळेकडून लेखी घे. आणि राज्याच्या एनपी संघटनेचं विद्यार्थी सदस्यत्व घेऊन त्यांच्या स्थानिक बैठकीला एकदा जाऊन ये, तिथे समोरासमोर भेटलेल्या माणसाला नाही म्हणणं कुणालाही जड जातं.

कंपनीला पैसे द्यायचे की नाही. मला ही पद्धत आवडत नाही, फी भरलेल्या विद्यार्थ्याने शिकायची जागा पुन्हा विकत घ्यावी हे मला चुकीचंच वाटतं. पण आवडत नाही म्हणून तुला नाही म्हणणार नाही. हिशोब मांड. मे 2023 च्या सरकारी आकड्यांप्रमाणे आरएनचा मध्यम पगार वर्षाला 86,070 डॉलर, एनपीचा 1,26,260. म्हणजे एक सेमिस्टर लांबलं तर कागदावर बारा-तेरा हजारांचा फरक. पण तू नाइटचं जादा पैसे घेणारी अनुभवी आयसीयू नर्स आहेस आणि नवीन एनपीला सुरुवातीला कमी मिळतं, तेव्हा तुझा खरा फरक याहून बराच लहान असेल. वरचे सगळे रस्ते चालून झाले आणि तरीही दार बंद असेल तर एका रोटेशनपुरतं देणं समजू शकते. त्याआधी शाळा अशी जागा मान्य करते का ते विचार, काही शाळा प्रीसेप्टरला पैसे द्यायलाच मनाई करतात. करार नीट वाच, प्रीसेप्टरने ऐनवेळी माघार घेतली तर पैसे परत मिळतात की नुसती दुसरी जागा देतात, आणि प्रीसेप्टरचं नाव मिळालं की लायसन्स बोर्डाच्या साइटवर स्वतः तपास.

जागा मिळाली म्हणून काहीही सहन करायचं नाही हेही आत्ताच सांगून ठेवते. दिवसभर नुसतं वजन-उंची घ्यायला लावलं, पेशंट तुझ्याकडून तपासून घेतलाच नाही, तर ते मेडिकल असिस्टंटचं काम झालं. पहिल्या आठवड्यात ठीक आहे. तिसऱ्या आठवड्यातही तेच असेल तर आधी प्रीसेप्टरशी बोल, मग फॅकल्टीशी.

सोडून देऊ का म्हणतेस. सोडणं आणि एक सेमिस्टर थांबणं यात खूप अंतर आहे. रजा घेता येते, फक्त कोर्स पूर्ण करायची मुदत किती वर्षं आहे ते हँडबुकमध्ये बघ आणि फेडरल लोन असेल तर अर्धवेळपेक्षा कमी नोंदणी झाली की साधारण सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात, ते फायनान्शियल एडच्या ऑफिसला विचारून घे. नाइट करून, मुलं बघून, थिअरी चांगल्या मार्कांनी काढलेल्या बाईने जागेपायी हे सोडावं असं मला मनापासून वाटत नाही, पण थांबावंसं वाटलं तर थांब, त्यात हरल्यासारखं काही नाही.

ज्या जणी अजून कोर्स निवडतायत त्यांनी फी भरण्याआधी शाळेला विचारा: जागा कोण शोधतं, माझ्या काउंटीत तुमचे किती करार आहेत, जागा न मिळाल्यामुळे मागच्या वर्षी किती जण थांबले. उत्तर लेखी मागा. सेल्सवाल्यासारखा बोलणारा अ‍ॅडमिशनचा माणूस "आम्ही सपोर्ट करतो" म्हणेल, तेवढ्यावर जाऊ नका. आणि शोध निदान सहा-आठ महिने आधी सुरू करा.

तुला एवढा वेळ नाहीये, म्हणून क्रम सांगते. आज शाळेला ईमेल. या आठवड्यात हॉस्पिटलचं ऑफिस आणि मुलांचे पीडियाट्रिशियन. काकांना फोन शनिवारी, निवांत. पीडियाट्रिशियनने पुढच्या सेमिस्टरला जागा नाही म्हटलं तर उन्हाळ्याचं विचार, जुलै-ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी फिजिकल आणि लसींसाठी रांगा लागतात, तेव्हा त्यांना हात हवे असतात आणि तुला निरोगी मुलं भरपूर बघायला मिळतात. तसं झालं तर कोऑर्डिनेटरला विचार की रोटेशनचा क्रम बदलून मोठ्यांचं आधी करता येईल का. बऱ्याच शाळा करू देतात.